ग्रंथपालाच्या हातातल्या मोबाईलबद्दल, कार्यकारी मंडळांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक वाचनालयांचे अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावातल्या एका ब वर्ग (सरकारी श्रेणीतल्या दुसऱ्या पायरीवरच्या) वाचनालयात ग्रंथपाल आहे, चौदा वर्षं झाली. वाचनालयाचं नाव लिहीत नाही कारण मला कोणाची तक्रार करायची नाहीये, आणि जे सांगायचंय ते माझ्या एकटीचं नाही, माझ्यासारख्या अनेक जणींचं आणि जणांचं आहे.

मागच्या वर्षी आमच्या मासिक सभेत एक ठराव झाला, "ग्रंथालय सेवकांनी कामाच्या वेळेत मोबाईलचा वापर करू नये." त्याआधी एक सदस्य संध्याकाळी पेपर वाचायला आले होते, त्यांनी मला पाऊण तास फोनमध्ये डोकं घालून बसलेलं बघितलं आणि सभेत ते बोलले. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, बघणाऱ्याला तसंच दिसणार. फेसबुक उघडलेलं होतं हे पण खरं. पण त्या पाऊण तासात मी काय करत होते ते मला सभेत कोणी विचारलं नाही आणि मला पण तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून आज इथे सांगते, जरा सविस्तर सांगते, कारण नुसतं "मी शिकत होते" म्हटलं तर कोणाचा विश्वास बसत नाही.

आमच्याकडे अकरा हजारांच्या वर पुस्तकं आहेत. जुनी यादी कधीकाळी एका डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये, टाइप करून घेतलेली, ती नंतर कन्व्हर्टरमधून काढून युनिकोड केली, म्हणजे आता सगळ्या कॉम्प्युटरवर चालते त्या मराठीत आणली, आणि त्यानंतरची नवीन पुस्तकं मी स्वतः टाइप करत गेले. सगळं एक्सेलमध्ये. ते कोहात चढवायचं ठरवलं. कोहा म्हणजे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयाने करून घेतलं आणि २००० साली वापरात आणलं, तिथल्या माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. तर ट्रायल म्हणून सगळ्या नोंदी चढवल्या आणि पहिल्याच आठवड्यात एक शेतकरी वाचक आले, त्यांना शेतीवरची पुस्तकं हवी होती, मी 'शेतकऱ्यांसाठी' असं टाइप केलं आणि तीनच पुस्तकं आली. मला माहीत होतं की नावात हा शब्द असलेली निदान दहा-अकरा पुस्तकं कपाटात आहेत, मी स्वतः हाताने लावलेली आहेत. एक्सेलमध्ये शोधलं तरी तीनच. डोळ्यांना शब्द दिसतोय, अगदी तोच शब्द, आणि कॉम्प्युटर म्हणतोय नाही.

दोन दिवस मी हेच करत होते. शेवटी एका फेसबुक ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकून विचारलं. विदर्भातल्या एका कॉलेजच्या ग्रंथपाल मॅडमनी, ज्यांना मी आजपर्यंत भेटलेली नाही, तासाभरात उत्तर दिलं. 'ऱ्या' मधला तो छोटा आडवा र दोन प्रकारे टाइप होतो म्हणे. एक म्हणजे खाली टिंब असलेला वेगळा र घ्यायचा आणि त्याचा पाय मोडायचा. दुसरं म्हणजे साधा र घ्यायचा, पाय मोडायचा आणि मध्ये एक न दिसणारं अक्षर टाकायचं, त्याला जॉइनर म्हणतात. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात पण कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. कन्व्हर्टरने जुन्या सगळ्या नोंदींत जॉइनर घातला होता आणि मी नवीन नोंदी टिंबवाल्या र ने करत होते. म्हणजे शेतकऱ्यांची, कष्टकऱ्यांची, वाऱ्या, दऱ्याखोऱ्या, सगळीकडे आमची यादी मधोमध फाटलेली होती आणि आम्हाला कोणाला पत्ता नव्हता. मग त्यांनी तिथेच सांगितलं की एकच पद्धत ठरवा, एक्सेलमध्ये शोधा आणि बदला, आणि मी ते करत बसले, दोनशेच्या वर नोंदी निघाल्या. केरळातल्या एकांनी त्याच पोस्टखाली अजून एक गोष्ट सांगितली, कोहाचं इंडेक्सिंग, म्हणजे शोधासाठी ते आतल्या आत शब्दांची सूची करतं ते, भारतीय भाषांसाठी आयसीयू नावाच्या सेटिंगवर असायला पाहिजे, नाहीतर काना-मात्रांचे शब्द शोधात नीट येत नाहीत. आमचं नव्हतं, ते पण बदललं.

तो पाऊण तास हाच होता. त्यातला अर्धा वेळ मी मॅडमच्या सूचना एकेक वाचत होते आणि अर्धा वेळ फोनवर वाचून समोरच्या कॉम्प्युटरवर करून बघत होते, कारण वाचनालयाचं इंटरनेट बंद होतं आणि नेट माझ्या फोनच्या पॅकवर चालू होतं. ते शेतकरी वाचक पुढच्या सोमवारी आले तेव्हा अकरा पुस्तकं काढून टेबलावर ठेवली. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, त्यांच्या पाच नियमांतला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा, आपण सगळे फलकावर लिहितो, तो वेळ त्या दिवशी एका न दिसणाऱ्या अक्षरात अडकला होता.

आता कोणी म्हणेल की हे प्रशिक्षणात शिकवायला पाहिजे. पाहिजेच. पण आमचं प्रशिक्षण म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. ग्रंथालयाचा प्रमाणपत्र वर्ग केला, कोणी पुढे मुक्त विद्यापीठातून बी.लिब. केलं, वर्गीकरण आणि तालिकीकरण म्हणजे पुस्तकांची सूची करणं शिकलो, विषयाप्रमाणे पुस्तकांना आकडे द्यायच्या ड्युईच्या पद्धतीत ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य हे पाठ झालं, आणि मग वाचनालयात रुजू झालो ते एकटेच. कॉलेजच्या ग्रंथपालांना उजळणी वर्ग असतात, बढतीसाठी ते लागतात पण. आम्हाला वर्षातून एखादी जिल्ह्याच्या ठिकाणची एक दिवसाची कार्यशाळा, त्यात सत्कारात दुपार होते. बाकी कामावर शेजारी विचारायला कोणी नाही, शिपाई आणि मी, बस. डॉक्टरला दुसरा डॉक्टर भेटतो, शिक्षकाला स्टाफरूम असते, ग्रंथपालाला दुसरा ग्रंथपाल बघायला एसटी करून जावं लागतं. सरकारकडून मिळणाऱ्या परिरक्षण अनुदानातलं निम्मं वेतनावर जातं आणि निम्म्यात पुस्तकं, वीज, भाडं, बांधणी, सगळं. आमच्या जमाखर्चात प्रशिक्षण नावाचा रकाना मी चौदा वर्षांत बघितलेला नाही.

म्हणून आमची स्टाफरूम फोनमध्ये आहे. मला हे वाक्य सभेत बोलायचं होतं.

१२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, आपण रंगनाथनांच्या फोटोला हार घालतो. ते १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा ते गणिताचे प्राध्यापक होते, ग्रंथालयाचं काम त्यांना येत नव्हतं आणि सुरुवातीला त्यात मन पण रमत नव्हतं. मग त्यांना लंडनला पाठवलं, तिथे वर्गात शिकले ते शिकलेच पण त्याहून जास्त ते तिथली ग्रंथालयं हिंडले, कोण पुस्तक कसं लावतं, वाचक कुठे अडतो, बालविभाग कसा चालतो हे डोळ्यांनी बघितलं आणि परत येऊन १९३१ मध्ये पाच नियम लिहिले. दुसऱ्याचं ग्रंथालय बघणं हेच त्यांचं मोठं शिक्षण होतं. आम्हाला लंडनला कोणी पाठवणार नाही आणि आमची तशी मागणी पण नाही. पण मी रात्री जेवणं आवरल्यावर नागालँडमधल्या एका शाळेच्या ग्रंथालयाचे फोटो बघते, फिनलंडमधलं बघते, गोव्यात पणजीचं सेंट्रल लायब्ररी बालविभागात काय करतंय ते बघते, आणि सकाळी आपल्याकडे खालच्या दोन फळ्यांवरची जाड पुस्तकं काढून तिथे लहान मुलांची लावते कारण मुलांचा हात तिथेच पोचतो. ही कल्पना माझी नाही, बघितलेली आहे. त्याने काय झालं ते तुम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊन बघा, मुलं जमिनीवर बसून स्वतः पुस्तक ओढून काढतात, मला विचारत नाहीत.

पाण्याची गोष्ट पण सांगायची आहे, कारण ती सगळ्यांनाच लागू आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरकडे पूर आला, २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला आला आणि तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४ चं, २००५ नंतर दुसऱ्यांदा पाण्यात गेलं. ते चिखलातल्या पुस्तकांचे फोटो आपण सगळ्यांनी मोबाईलवर बघितले, हळहळलो आणि पुढे पाठवले. मी पण तेच केलं. पण त्यानंतर मी एक काम केलं, भिजलेलं पुस्तक वाचवायचं कसं हे शोधत बसले, आणि जतनाचं काम करणारे काही लोक, देशातले परदेशातले, व्हिडिओ टाकतात ते फॉलो करून ठेवले. तेव्हा घरी पण सगळे म्हणाले की हे कशाला.

दोन वर्षांनी आमच्याच संदर्भ विभागाचा पत्रा गळला. शनिवारची रात्र, रविवारी सुट्टी, सोमवारी सकाळी दार उघडलं तर एका कपाटाच्या वरच्या दोन फळ्या ओल्या गच्च, चाळीसेक पुस्तकं, त्यात गॅझेटियरचे जुने खंड. शिपाईदादांनी लगेच गच्चीवर चादर अंथरली, उन्हात टाकू म्हणाले, आणि मी आधी तेच केलं असतं, आमच्या आधीच्या ग्रंथपालांनी तेच केलं असतं. पण मला माहीत होतं की कडक उन्हात कागद वाकडा होतो, ठिसूळ होतो, पुठ्ठा सुटतो, आणि चिकटलेली पानं ओढून उघडायची नाहीत. बुरशी दोन-तीन दिवसांत धरते, म्हणजे आमचा एक दिवस तर आधीच गेला होता. एवढी पुस्तकं एकदम वाळवायला आमच्याकडे जागा नाही, पंखे दोन. व्हिडिओत सांगितलेलं आठवलं की एकदम जमत नसेल तर पुस्तकं गोठवा, गोठवल्यावर बुरशी वाढत नाही, वेळ मिळतो. डीप फ्रीझर कुठून आणायचा. तर बाजारपेठेत एक आइस्क्रीमचं दुकान आहे, पावसाळ्यात त्यांचा मोठा फ्रीझर जवळजवळ रिकामाच असतो. मी जाऊन विचारलं, त्यांची मुलगी आमची बालवाचक, ते हो म्हणाले. प्रत्येक पुस्तक वेगळ्या प्लास्टिक पिशवीत घालून, बांधणीची बाजू खाली करून, पंचवीस पुस्तकं तिथे ठेवली. बाकीची पंधरा वाचनालयातच टेबलावर उभी करून, पानं पंख्यासारखी थोडी उघडी, मधे मधे कोरा कागद, तो दर दोन-तीन तासांनी बदलायचा. गुळगुळीत आर्ट पेपरची चार होती ती आधी घेतली कारण तो कागद मिटलेल्या अवस्थेत वाळला की विटेसारखा एक होतो, मग उघडत नाही. पुढचे तीन आठवडे फ्रीझरमधून पाच-सहा आणायची आणि तसंच करायचं. चाळीसमधली चौतीस वाचली. सहा गेली, त्यात एक आर्ट पेपरचंच, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

हे कुठल्या कोर्समध्ये नव्हतं. कोणीतरी कुठेतरी स्वतःचं काम शूट करून टाकलं होतं, आणि ते मी कामाच्या वेळेत बघितलं होतं, पुस्तकांची देवघेव नसताना.

आता दुसरी बाजू, ती पण सांगितलीच पाहिजे. ज्या जागी शिकायला मिळतं त्याच जागी कचरा पण भरपूर आहे. आमचा जिल्ह्याचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात परिपत्रक येतं आणि मग त्याखाली नमस्काराचे हात, शुभ सकाळ, वाढदिवस, परत परिपत्रक शोधायला वर वर सरकावत बसायचं. चुकीचे सल्ले पण येतात. कपाटात डांबराच्या गोळ्या पसरून ठेवा म्हणून एक मेसेज फिरतो, आम्ही ठेवायचो, बंद खोलीत डोकं चढायचं, नंतर कळलं की त्या वासाचा माणसालाच त्रास आहे आणि खरा उपाय म्हणजे हवा खेळती ठेवणं, कपाट भिंतीपासून सुटं ठेवणं आणि महिन्याला झाडणं. म्हणून मी आता कोणताही सल्ला बघितला की आधी बघते सांगणारा कोण आहे, त्याने स्वतः केलंय का, आणि त्याच्याकडे आपल्यासारखा दमट पावसाळा आहे का. आणि पहिलं रद्दीतल्या पुस्तकावर करून बघते.

आणि पीडीएफ. ह्याबद्दल मला राग आहे. ग्रंथपालांच्याच ग्रुपमध्ये मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ धडाधड येतात, कालपरवा छापलेल्या पुस्तकांच्या सुद्धा, आणि खाली पन्नास जण धन्यवाद म्हणतात. अरे आपण पुस्तकाच्या बाजूची माणसं. लेखक गेल्यानंतर साठ वर्षांपर्यंत हक्क त्याचा आणि त्याच्या घरच्यांचा असतो, ती मुदत संपली की मग ते सगळ्यांचं, आणि तसली जुनी मराठी पुस्तकं विकिस्रोत नावाच्या मोफत साइटवर रीतसर, टाइप करून, शोधता येतील अशी ठेवलेली मिळतात. हे सुद्धा मला विकिपीडियावर काम करणाऱ्या लोकांच्या एका पोस्टमधूनच कळलं. मी आता पीडीएफ आली की त्याखाली एवढंच लिहिते आणि दोन ग्रुपमधून ह्यापायी मला काढलं पण आहे.

अजून एक पथ्य मी पाळते, वाचकाचं नाव, त्याचा नंबर, तो काय वाचतो हे कधीही बाहेर टाकायचं नाही. लोक प्रश्न विचारताना देवघेव रजिस्टरच्या पानाचा फोटो जसाच्या तसा टाकतात, त्यात वीस माणसांची नावं आणि फोन नंबर दिसत असतात. कोणाच्या तरी घरातल्या आजारपणावरचं पुस्तक त्या यादीत असतं. आधी झाकायचं, मग विचारायचं.

पण मला सगळ्यात जास्त जे बोलायचंय ते वेगळं आहे. त्या जिल्ह्याच्या ग्रुपमध्ये दोनशेच्या वर माणसं आहेत आणि तिथे कामाचा प्रश्न कोणी विचारत नाही. का, तर तिथे कार्यवाह आहेत, अध्यक्ष आहेत, कार्यालयातले साहेब आहेत, आणि मी विचारलं की "आत्मचरित्र ९२० मध्ये लावायचं की त्या माणसाच्या विषयाबरोबर" तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणणार की ह्यांना एवढं पण येत नाही, मग पगार कशाचा. (ह्याचं उत्तर असं की ड्युईत दोन्ही चालतं, एक ठरवा आणि तेच धरून चला, आणि हे पण मला विचारूनच कळलं.) म्हणून आम्ही नऊ जणींनी वेगळा छोटा ग्रुप केला, चार जिल्ह्यांतल्या, आणि तिथे आम्ही काहीही विचारतो. नोंदणी रद्द कशी करायची, बारकोडचा स्टिकर कुठे लावला तर निघत नाही, दाखल नोंदवहीत चूक झाली तर खाडाखोड कशी करायची म्हणजे तपासणीत अडत नाही, स्पर्धा परीक्षेची मुलं रात्री नऊपर्यंत बसतो म्हणतात तर काय करायचं. तिथे एकीने एकदा लिहिलं, "मला सात वर्षं झाली पण लेखकांक कसा काढायचा ते नीट येत नाही, कोणाला विचारायची लाज वाटते." लेखकांक म्हणजे लेखकाच्या नावावरून पुस्तकाला द्यायचा क्रमांक. त्यावर आम्ही तिघींनी रविवारी व्हिडिओ कॉल लावून बसून शिकवलं. सात वर्षं ती हे गिळून काम करत होती. हे मला फार लागलं.

ही लाज आमच्या स्वभावात नाही, ती सभेच्या टेबलावरून येते. तुम्ही मुद्दाम करता असं नाही. पण ग्रंथपालाने प्रश्न विचारला की त्याला कमी लेखायचं आणि फोन हातात घेतला की टाइमपास समजायचं, मग त्याने शिकायचं कुठे.

तर माझी विनंती अशी आहे. आपली वाचनालयं बहुतेक ठिकाणी सकाळी तीन-साडेतीन तास आणि संध्याकाळी तीन-चार तास उघडी असतात. त्यातला आठवड्याला एक तास, देवघेव कमी असते तेव्हाचा, शिकण्यासाठी म्हणून ठरवून द्या, वेळापत्रकात लिहा, म्हणजे पेपर वाचायला आलेल्या माणसालाही कळेल. घरी जाऊन शिका असं म्हणू नका, आमच्यातल्या बऱ्याच जणींना घरी गेल्यावर दुसरी पाळी असते. वाचनालयाचं इंटरनेट चालू ठेवा, आमच्या पॅकवर ते चालवायला लावू नका. आम्ही आपल्या वाचनालयाच्या नावाने जाहीर प्रश्न विचारला, चुकलेल्या कामाचा, गळक्या कपाटाचा फोटो टाकला तर त्याला वाचनालयाची बदनामी समजू नका, पाणी सगळ्यांच्याच पत्र्यातून येतं आणि फोटो टाकला तरच कोणीतरी उत्तर देतं. आणि तीन महिन्यांतून एकदा मासिक सभेत आम्हाला दहा मिनिटं द्या, काय शिकलो आणि त्यातलं आपल्याकडे काय केलं ते आम्ही सांगू, वही दाखवू. मी तारीखवार वही ठेवते, कोणाकडून काय शिकले, करून बघितलं का, जमलं का. तुम्हाला बघायची असेल तर टेबलाच्या डाव्या खणात आहे.

आमच्या मंडळाने तो ठराव अजून मागे घेतलेला नाही, पण त्या सदस्यांना मी ती वही दाखवली. त्यांनी पंधरा-वीस मिनिटं उभ्या उभ्या वाचली आणि विचारलं की हे बुरशीचं त्यांच्या घरच्या पोथ्यांना पण चालेल का. मी म्हटलं घेऊन या. ते येत्या गुरुवारी पोथ्या घेऊन येणार आहेत.

आपली नम्र,
तालुक्याच्या गावातली एक ग्रंथपाल